मुद्दल आणि उत्पन्न : पाणचक्की ते परळी

'मोसमी वारे' हा शब्द आपण सगळेच शाळेत शिकलो. तो मूळचा अरबी 'मौसिम'. अर्थ, ठरलेली वेळ किंवा ऋतू. उर्दूत तो हवामानासाठी वापरला जातो. मराठीत तो पावसाच्या वाऱ्यांना चिकटून राहिला. पोर्तुगीजांच्या तोंडून तोच शब्द इंग्रजीत गेला आणि 'मान्सून' होऊन आपल्याकडे परत आला. उर्दूत हवामानाला आणखी एक जुना शब्द आहे, 'आबोहवा'. आब म्हणजे पाणी. मराठी माणूससुद्धा परगावी राहायला गेलेल्या नातेवाइकाला विचारतो, "तिथलं हवापाणी मानवलं का?" हवा आणि पाणी यांचा हिशेब एकत्रच मांडायचा असतो, हे या दोन्ही भाषा बोलणाऱ्या जुन्या लोकांना ठाऊक होते.

मी या दोन भाषा शिकवणारा शिक्षक. विज्ञान माझा विषय नाही. पण हवामान बदलावर बोलताना आपण ध्रुवावरचे बर्फ आणि अस्वल यांच्यापाशी थांबतो आणि आपल्या दख्खनच्या इतिहासाकडे बघतच नाही, असे मला नेहमी वाटते. म्हणून या लेखात एकच साधा प्रश्न घेतला आहे. या पठारावर माणसाने दळायला, सूत कातायला, दिवे लावायला ताकद कुठून आणली, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

वाऱ्याने आलेला माणूस

उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा धावत येते. हाच आपला नैऋत्य मोसमी वारा. हिवाळ्यात त्याची दिशा उलटते. या संपूर्ण यंत्राला इंधन एकच, सूर्य. अरबस्तान, हबशाण आणि कोकण यांच्यामधली जहाजे शेकडो वर्षे याच यंत्रावर चालली. एका मोसमात यायचे, दुसऱ्या मोसमात परतायचे.

याच समुद्रमार्गाने सोळाव्या शतकात एक हबशी तरुण दख्खनमध्ये आला. जन्म सुमारे १५४८ चा, इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे करत अहमदनगरच्या निजामशाहीतील पेशवा चंगेजखान याच्याकडे पोचला. तोच पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर. मोगलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले, जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसवली, आणि १६१० मध्ये खडकी हे नगर वसवले. त्याचेच पुढे औरंगाबाद झाले, आणि आज छत्रपती संभाजीनगर.

खडकी हे नाव पुरेसे बोलके आहे. खालचा सगळा बेसॉल्ट, काळा खडक. त्यावर पडलेले पाणी वाहून जाते. मोठी नदी जवळ नाही. अशा जागी शहर वसवायचे तर पाणी आणावे लागणार. अंबरने ते उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याला मुरलेल्या पाण्यातून आणले. जमिनीखालून बांधीव नाली, तिला अगदी बेताचा उतार, पुढे खापरी नळ, आणि मध्ये मध्ये हवा सुटण्यासाठी व दाब सांभाळण्यासाठी उंच बंब. हीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, रहाट नाही, बैल नाही. उतार आणि पाण्याचा दाब एवढ्यावर पाणी शहरातल्या हौदांपर्यंत पोचत होते. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या.

पाणचक्की

त्यातलीच एक नहर पाणचक्कीची. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले सूफी. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ही चक्की उभी राहिली. काही किलोमीटरवरून जमिनीखालून आणलेले पाणी एका उंच भिंतीत चढवले आहे आणि तिथून ते हौदात पडते. त्या पाण्याच्या जोरावर खालचे पात्यांचे आडवे चाक फिरते, चाकाचा दांडा वर जातो आणि वरची जड तळी फिरवतो. दर्ग्यात येणारे फकीर, मुसाफिर, विद्यार्थी यांच्यासाठी इथे पीठ दळले जाई.

एकदा मुलांची सहल घेऊन गेलो असताना सातवीतल्या एका मुलाने खाली वाकून विचारले, "सर, मोटर कुठं आहे?" मोटर नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. मग मी त्याला उलट्या बाजूने विचारत नेले. तळी कोणी फिरवली? पाण्याने. पाणी एवढ्या उंचावर कोणी नेले? डोंगरावर पाऊस पडला. पाऊस ढगातून, ढग समुद्रातून. समुद्राचे पाणी वर कोणी उचलले? इथे तो थांबला आणि म्हणाला, "उन्हानं." म्हणजे चक्की उन्हावर चालते! सौरऊर्जा हा शब्द आपण नवा समजतो. दर्ग्यातले फकीर सौरऊर्जेवर दळलेली भाकरी खात होते.

तिथला हौद बघण्यासारखा आहे. त्याच्या तळाखाली खांबांवर उभे असलेले एक मोठे दालन आहे. वर पाणी असल्याने ते दालन उन्हाळ्यातही गार राहते. मराठवाड्याचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला या गारव्याचे मोल सांगावे लागत नाही.

पाणचक्की ही आज वक्फ मालमत्ता आहे, आणि राज्याच्या वक्फ मंडळाचे कार्यालयही तिथेच आहे. वक्फ या शब्दाभोवती अलीकडे इतका गलबला आहे की त्याचा मूळ अर्थ हरवला. अरबीत 'वक्फ' म्हणजे थांबवणे, रोखून धरणे. एखादी मालमत्ता रोखून धरायची. ती विकायची नाही, वाटून घ्यायची नाही, संपवायची नाही. तिचे जे उत्पन्न येईल ते लोकांच्या कामी लावायचे. मुद्दलाला हात नाही, उत्पन्न मात्र सगळ्यांचे. व्यवहारात हा नियम अनेकांनी अनेकदा मोडला, हेही खरे आहे. पण पाणचक्कीत हा नियम दगडात आणि पाण्यात दिसतो. त्या वर्षी जेवढा पाऊस, तेवढे पाणी. जेवढे पाणी, तेवढे दळण. पुढच्या पिढीच्या वाट्याचे काही उचलले गेले नाही.

म्हणून तो काळ सुखाचा होता असे मात्र कोणी समजू नये. अंबरचा मृत्यू १६२६ चा. त्यानंतर चारच वर्षांनी, १६३० मध्ये, दख्खनवर भयंकर दुष्काळ आला. तुकाराम महाराजांच्या घरातली माणसे ज्यात गेली तो हाच दुष्काळ. पावसाच्या उत्पन्नावर जगणाऱ्याला उत्पन्न बुडाले की उपासमार ठरलेलीच असे. कोळशाची भुरळ माणसाला का पडली, हे समजून घ्यायचे तर ही भीती लक्षात ठेवावी लागते.

१८५६ सालच्या दोन गोष्टी

कोळसा म्हणजे जुने ऊन. आपल्या देशातला बहुतेक कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा आहे. ती झाडे दलदलीत गाडली गेली आणि त्यांनी हवेतून घेतलेला कार्बन जमिनीखाली रोखला गेला. निसर्गाने केलेले वक्फच म्हणा. १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी बंगालमधल्या राणीगंज भागात कोळशाच्या खाणी सुरू केल्या. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी वाफेवर चालू लागली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबागचे आकाश चिमण्यांनी भरले. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसे आली. मोमीन विणकरही आले. त्यांच्यातले अनेक जण उत्तरेत हातमागावर बसणारे होते आणि गिरणीच्या कापडामुळेच त्यांचे माग बंद पडत चालले होते.

त्याच १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी एक साधा प्रयोग मांडला. काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि सावलीत नेल्यावर सर्वांत सावकाश निवली. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक गरम होईल, असे त्यांनी लिहिले. विद्वानांच्या सभेत त्यांचा निबंध एका पुरुषाने वाचून दाखवला आणि पुढे जग तो विसरले. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी वायू उष्णता कशी अडवतात हे प्रयोगशाळेत मोजले. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कोळसा जाळल्याने तापमान किती वाढू शकेल याचे गणित मांडले. ते गणित प्रसिद्ध झाले त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि महाराष्ट्रात दुष्काळ पडला. इथल्या कोणाला स्वीडनमधला निबंध वाचायची फुरसत असणार?

सांगायचा मुद्दा असा की मुंबईतली पहिली गिरणी सुरू झाली त्याच वर्षी तिच्या धुराबद्दलचा इशाराही छापून आला होता. यंत्र आणि इशारा एकाच वयाचे आहेत.

खोपोली आणि मुळशी

बंगालचा कोळसा मुंबईपर्यंत आणणे महाग पडे. जमशेटजी टाटांच्या मनात घाटातल्या पावसावर वीज करायची कल्पना होती. ते १९०४ मध्ये वारले. त्यांच्या मागे कंपनी उभी राहिली, लोणावळा, वळवण आणि शिरोटा इथे तलाव झाले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर साठवलेला पाऊस सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचा आणि त्याच्या जोरावर गिरण्या चालवायच्या. पाणचक्कीचेच तत्त्व, पण शेकडो पटींनी मोठे.

धूर नाही, कोळसा नाही, पाऊस दरवर्षी नवा. मग यात खोट कुठे? खोट मुळशीत दिसली. त्याच योजनेचा पुढचा टप्पा म्हणून मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण ठरले, आणि पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार हे उघड झाले. मावळातली ती भातशेती पिढ्यान्‌पिढ्यांची. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात पुढे आले आणि 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. मावळे आणि त्यांच्या बायका खोदलेल्या चरांत जाऊन बसल्या. दोन-तीन वर्षे लढा चालला. जमिनीची कागदोपत्री मालकी असलेले अनेक जण नुकसानभरपाई घेऊन मोकळे झाले आणि जे नुसते कसत होते ते उघडे पडले. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र चालू झाले.

धरणग्रस्तांच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी हा एक. मुंबईच्या हवेला त्या विजेचा फायदा झाला, यात शंका नाही. पण उत्पन्न एकाचे आणि बुडालेले घर दुसऱ्याचे असेल, तर त्या उत्पन्नाला स्वच्छ म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

परळी

आता पुन्हा मराठवाड्यात येऊ. १९७० च्या दशकात बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथला औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. कोळसा दूरवरून रेल्वेने येऊ लागला. मागास म्हणवल्या गेलेल्या भागाला ते केंद्र म्हणजे प्रगतीची खूण होती. माझ्या पिढीतल्या अनेकांनी पहिल्यांदा बल्बच्या उजेडात अभ्यास केला, त्यात या विजेचा वाटा आहे. घासलेटच्या चिमणीचा धूर ज्याने नाकात घेतला आहे, त्याने कोळशाच्या विजेला सरसकट शिव्या देऊ नयेत. मीही देणार नाही.

आपली समजूत मात्र अशी झाली की आता पावसाशी संबंध फक्त शेतकऱ्याचा. विजेचे काय, ती कोळशावर चालते. ही समजूत फेब्रुवारी २०१३ मध्ये मोडली. २०१२ चा पाऊस बुडाला होता. कोळसा असूनही पाण्याअभावी परळीचे सर्व संच बंद करावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. कारण औष्णिक केंद्रात कोळसा जाळून शेवटी पाण्याचीच वाफ करायची असते. ती वाफ चाक फिरवते, आणि ती पुन्हा थंड करायला त्याहून कितीतरी जास्त पाणी लागते. चाक तिथेही आहे, पाणी तिथेही आहे. पाणचक्कीपासून दोनशे किलोमीटरच्या आत उभे असलेले हे अवाढव्य यंत्र अखेर पावसाचेच आश्रित निघाले.

एप्रिल २०१६ मध्ये त्याहून विचित्र दृश्य दिसले. मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणले गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. अंबरच्या काळी पाणी स्वतः चालत येई आणि वाटेत आणखी एखादे काम करून जाई. आता शेकडो किलोमीटर इंजिन लावून पाणी ओढावे लागत होते.

पावसाचा बिघडलेला हिशेब

दुष्काळ पूर्वीही पडत होते, मग यात नवे काय, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली, तेव्हा हवेत आजच्याइतका कार्बन नव्हता. पॅसिफिक महासागर तापला की आपला पाऊस अनेकदा रुसतो, आणि हे चक्र जुने आहे. हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभरच्या नोंदी चाळून दूरच्या समुद्रांवरच्या हवेचा आणि आपल्या पावसाचा हा संबंध शोधला. वेधशाळेचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्याला आले, तेव्हापासून पावसाच्या अभ्यासात महाराष्ट्राचे नाव आहे.

बदल झाला आहे तो या जुन्या चक्राच्या खालच्या जमिनीत. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या पुढे आहेत. शाळेतले गणित आठवा : १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे एक टन कार्बन जाळला तर साडेतीन टनांहून अधिक वायू हवेत जातो. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने गरम होते. जमलेल्या जादा उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात साठली आहे, आणि आपला पाऊस समुद्रातूनच येतो.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरून ठेवू शकते. त्यामुळे ती जास्त वेळ थांबून राहते आणि मग एकदम कोसळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मधले कोरडे दिवस आणि मग ढगफुटी, हा अनुभव आता गावोगावच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ. ती ठरलेली वेळच मोडत चालली आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे या इतिहासाचा सारांश इथे आहे. उत्पन्न बुडायच्या भीतीने आपण मुद्दल फोडले, आणि मुद्दल फोडल्यामुळे उत्पन्नाचा झराच हलला. कोळसा आपल्याला पावसाच्या लहरीपासून सोडवणार होता. त्याने पाऊस अधिक लहरी केला.

जबाबदारी कोणाची

सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मुद्दल युरोप-अमेरिकेने फोडले. आजही भारतातल्या माणसामागे होणारे कार्बनचे उत्सर्जन जगाच्या सरासरीपेक्षा बरेच कमी आहे. बीडची ऊसतोड कामगार बाई या हिशेबात जवळजवळ कुठेच नाही, आणि पाऊस चुकला की पहिला फटका तिलाच. म्हणून श्रीमंत देशांनी जास्त भार उचलावा ही मागणी न्यायाचीच आहे. पण ती मागणी करताना आपल्याच घरात आपण कोणावर भार टाकतो, तेही तपासले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतले. त्यांची जमीन सौर वीजप्रकल्पासाठी गेली होती आणि मोबदला अन्यायकारक आहे असे सांगत ते खेटे घालत होते. काही दिवसांत ते गेले. सूर्याची वीज, धूर शून्य, आणि गोष्ट मात्र मुळशीचीच.

सूर्य, वारा, पाणी यांच्याकडे परत जाण्यावाचून मार्ग नाही, हे आता जगभर मान्य होत आहे. पाणचक्कीच्या काळात जाऊन राहावे असे मला म्हणायचे नाही. तेवढ्या पाण्यावर आजचे एक रुग्णालयही चालणार नाही. तिथून घ्यायचा तो नियम : मुद्दल राखा, उत्पन्न वापरा. आणि मुळशीकडून घ्यायची ती दुसरी अट : उत्पन्न सगळ्यांचे असेल, तर त्यासाठी एकट्याचे घर बुडवू नका. पहिला नियम पाळून दुसरी अट मोडली, तर सौरऊर्जेच्या युगातही सत्याग्रह करावे लागतील. दुसरी अट बोलत राहून पहिला नियम मोडत राहिलो, तर वाटून घ्यायला काही उरणारच नाही.

आज शहराच्या भोवती घरे वाढली, विंधन विहिरी खोल गेल्या, आणि अंबरच्या नहरींचे बरेच भाग बुजले किंवा फुटले. ज्यांनी त्या बांधल्या त्यांच्याकडे विजेची मोटर नव्हती, म्हणून त्यांना डोंगर, खडक, उतार आणि पाऊस नीट वाचावा लागला. आपल्याकडे मोटर आहे, म्हणून आपण वाचायचे सोडून दिले. उरलेल्या नहरींची नोंद करणे, त्यांच्या उगमाकडचे डोंगर राखणे, शाळेच्या छपरावर पडणारे पाणी जमिनीत मुरवणे, ही कामे शहरातल्या कोणालाही सुरू करता येतील. त्याने जगाचे तापमान उतरणार नाही. पण पुढच्या वर्षीचा पाऊस कसाही आला, तरी तो धरायला जागा तयार असेल.